लहान बोअरची बंदूक आणि आमचं कोशर स्वयंपाकघर



आमच्या कोक्विटलामच्या घरी बंदूक आली ही बातमी एव्हाना सगळ्या नातेवाइकांत पसरली आहे. अश्दोदहून, लोदहून, ठाण्याहून फोन येतात. आधी तब्येतीची चौकशी, मग इथल्या पावसाची, आणि मग हळूच, "काय हो, खरंच बंदूक घेतलीत? कोणाची भीती वाटते का तिकडे?" भीती कोणाचीच नाही. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं असं आम्ही दोघा नवरा-बायकोने ठरवलं. शिवाय या बंदुकीवरून आमच्या घरात एक वाद उभा राहिला आहे, तो आपल्या समाजातल्या जाणत्या मंडळींपुढे ठेवावा असाही विचार आहे.

बंदूक आमच्या धाकट्या लेकीची. ती पंचवीस वर्षांची आहे, स्वतः कमावते. ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर ती पहिल्यांदा बर्क माउंटनवरच्या रेंजवर गेली. ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कोक्विटलाम हे व्हँकुव्हरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं शहर आहे. गावातून हार्पर रोड वर चढत जातो, दोन्ही बाजूंना सीडर आणि फरची उंच झाडं, आणि तिथे वर पोर्ट कोक्विटलाम अँड डिस्ट्रिक्ट हंटिंग अँड फिशिंग क्लब आहे. नाव पोर्ट कोक्विटलामचं, पण जागा कोक्विटलामच्या हद्दीत. तिथे मातीच्या तबकड्या हवेत उडवून त्यांवर नेम धरण्याचा खेळ चालतो. लेक एकदा गेली, दोनदा गेली, मग परवान्याचा कोर्स केला आणि शेवटी एक जुनी, वापरलेली, वर-खाली नळ्यांची दुनळी बंदूक घेऊन आली. वीस बोअरची.

आम्हाला वाटलं होतं, बंदूक म्हणजे बारा बोअर. कोकणात दुसरा आकडा कधी ऐकलाच नव्हता. म्हणून आधी हा बोअरचा हिशेब समजून घेतला, तो असा. एक पौंड शिसं घ्यायचं आणि त्याच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या करायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची बंदूक. त्याच पौंडाच्या वीस गोळ्या केल्या की गोळी लहान झाली, नळी बारीक झाली. ती वीस बोअर. अठ्ठावीस गोळ्या केल्या तर अठ्ठावीस बोअर. म्हणजे आकडा वाढेल तशी नळी बारीक. आपल्यातल्या ज्यांनी मुंबईच्या गिरण्यांत काम केलं त्यांना हे लगेच उमजेल, सुताचा नंबर असाच असतो. नंबर मोठा तसा धागा बारीक. इथे कॅनडात बोअरला गेज म्हणतात एवढाच फरक.

मिलिमीटरमध्ये सांगायचं तर बारा बोअरची नळी आतून साधारण 18.5, वीसची 15.6, अठ्ठावीसची 14. त्याहून बारीक एक असते, तिला ‘फोर-टेन’ म्हणतात. तिचा आकडा गोळ्यांचा नसून सरळ इंचातला व्यास आहे, 0.410 इंच, म्हणजे 10.4 मिलिमीटर. वीस, अठ्ठावीस आणि फोर-टेन या तिघींना मिळून लहान बोअरच्या बंदुका म्हणतात.

आता मुख्य प्रश्न. बारा बोअर सगळीकडे मिळते, तिची काडतुसं स्वस्त, तिच्यात छर्रे जास्त. मग लोक लहान बोअरच्या मागे का लागतात?

पहिलं कारण वजन. बारा बोअरची खेळाची बंदूक सात-आठ पौंडांची असते, वीसची सहाच्या आसपास, अठ्ठावीसची त्याहूनही हलकी. लहान बोअरचा सांगाडाच लहान बनवलेला असेल तर ती हातात काठीसारखी फिरते. दिवसभर डोंगर चढून चार वेळा बार काढणाऱ्याला प्रत्येक पौंड जाणवतो. दुसरं कारण धक्का. काडतुसात छर्रे आणि दारू कमी, म्हणून खांद्याला बसणारा दणका कमी. रेंजवर एका दिवसात शंभर बार काढणाऱ्या माणसाचा खांदा संध्याकाळी त्याचा हिशेब मागतो. पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची: बंदूक फारच हलकी असेल तर लहान काडतूसही जोरात लागतं. धक्का नुसत्या बोअरवर नसतो. किती छर्रे, किती वेगाने आणि किती वजनाच्या बंदुकीतून, या तिन्हींवर असतो.

तिसरं कारण आम्हाला समजायला वेळ लागला. ते आकड्यांतून सांगावं लागेल. खेळात वापरतात त्या नऊ नंबरच्या बारीक छऱ्यांचं काडतूस घेतलं, तर बारा बोअरच्या सव्वा अकरा दशांश, म्हणजे 1⅛ औंसात सुमारे साडेसहाशे छर्रे बसतात. वीस बोअरच्या ⅞ औंसात पाचशेवर. अठ्ठावीसच्या पाऊण औंसात साधारण 440. आणि फोर-टेनच्या अर्ध्या औंसात तीनशेसुद्धा नाहीत. वेग सगळ्यांचा जवळपास सारखाच, सेकंदाला 1200 फुटांच्या आसपास. पुष्कळांना वाटतं की बारीक नळीतून छऱ्यांचा पसाराही बारीक पडतो. तसं नाही. पसारा किती रुंद पडेल ते मुख्यतः नळीच्या तोंडाशी असलेल्या आवळणीवर, म्हणजे चोकवर ठरतं. फरक असतो दाटपणात. तेवढ्याच जागेत कमी छर्रे, म्हणून मधे मोकळी जागा जास्त. जवळच्या तबकडीला ही बंदूक पुरते. लांबच्या तबकडीला पुरत नाही.

म्हणून लहान बोअर हातात घेतलेल्या माणसाला आधीच ठरवावं लागतं, इतक्या अंतराच्या पुढे आपण बार काढायचा नाही. बारा बोअरवाला थोडा चुकला तरी साडेसहाशे छर्रे त्याला सांभाळून घेतात. लहान बोअर तशी माया करत नाही. रेंजवर एक म्हातारे गृहस्थ येतात, त्यांच्याकडे दोन नळ्या शेजारी-शेजारी असलेली जुनी अठ्ठावीस बोअर आहे. लेकीने त्यांना विचारलं, बारा का नाही वापरत? ते म्हणाले, "वापरली की तीस वर्षं. तबकड्या फुटायच्या, पण का फुटल्या ते कळायचं नाही. हिच्याने फुटली की मला कळतं."

लहान म्हणजे सोपी, असा मात्र कोणी गैरसमज करून घेऊ नये. फोर-टेन हलकी म्हणून लोक लहान मुलांच्या हाती देतात. मूल नेम धरतं, तबकडी अख्खी खाली पडते, पुन्हा धरतं, पुन्हा पडते, आणि मूल कंटाळून निघून जातं. फोर-टेन ही खरं म्हणजे मुरलेल्या माणसाची बंदूक. नवशिक्याला वीस बोअर आणि हलकी काडतुसं हेच बरं. आणि एक धोक्याची गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकीत टाकलं तर ते नळीत आत सरकून अडकून बसतं. बाहेरून पाहणाऱ्याला नळी रिकामी वाटते. त्याच्यामागे बारा बोअरचं काडतूस भरून चाप ओढला तर नळी फुटते, हात जातो. म्हणून वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाचीच करतात. दोन बोअरची काडतुसं एका खिशात कधीच ठेवायची नाहीत, हा आमच्या लेकीच्या तोंडचा मंत्र झाला आहे.

खेळाबद्दल थोडं. लेक खेळते त्याला स्कीट म्हणतात. 1920 च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या अँडोव्हर गावी चार्ल्स डेव्हिस नावाच्या शिकाऱ्याने पक्ष्यांच्या सरावासाठी तो सुरू केला. 1926 साली त्याला नाव देण्यासाठी स्पर्धा ठेवली, तेव्हा माँटानातल्या गर्ट्रूड हर्लबट या बाईंनी ‘स्कीट’ हे नाव सुचवलं आणि तेच राहिलं. अर्धवर्तुळावर सात जागा आणि आठवी मधोमध, एका टोकाला उंच खोली, दुसऱ्या टोकाला बुटकी खोली. दोन्हींतून तबकड्या सुटतात. नेमबाज "पुल!" म्हणून ओरडतो की तबकडी निघाली. एका फेरीला पंचवीस तबकड्या. अमेरिकन पद्धतीच्या स्कीटमध्ये बारा, वीस, अठ्ठावीस आणि फोर-टेन अशा चारही बोअरच्या वेगळ्या स्पर्धा असतात. त्यामुळे लहान बोअर हा तिथे नुसता शौक नाही, खेळाचा भाग आहे. काही लोक तर बारा बोअरच्याच नळीत बारीक नळ्या बसवून एका बंदुकीच्या चार बंदुका करतात. ऑलिंपिकमध्ये मात्र सगळे बारा बोअरच वापरतात, 24 ग्रॅम छऱ्यांचं काडतूस.

आणि हा खेळ पुरुषांचाच, असंही कोणी म्हणू नये. कॅनडाच्या सुसान नॅट्रास 1976 साली माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये ट्रॅप नेमबाजीत पुरुषांच्या बरोबरीने उतरल्या, तशा उतरणाऱ्या त्या पहिल्या बाई. 1992 साली बार्सिलोनाला चीनच्या झांग शान यांनी स्कीटमध्ये पुरुषांना मागे टाकून सुवर्णपदक घेतलं. आपल्या आत्या-मावश्यांनी आमच्या लेकीचं नाव घेऊन "मुलीच्या जातीला" वगैरे सुरू केलं तर आम्ही हीच दोन नावं पुढे करतो.

तसं पाहिलं तर बंदूक आपल्या बेने इस्राएल लोकांना नवी नाही. इंग्रजांच्या मुंबई फौजेत आपले कितीतरी लोक होते आणि देशी अधिकाऱ्यांच्या पदापर्यंत चढले होते. सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजे सामाजी हसाजी, हे त्यांतलेच. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी 1796 साली मुंबईत शआर हाराहमीम सिनेगॉग बांधलं, ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

आमच्या आजोळी, रेवदंड्याकडच्या एका गावी, मामांकडे एकनळी बारा बोअर होती. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. भात पिकायला आलं की रात्री रानडुकरं उतरत. निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे, आणि डुकरांना ते कसं कोण जाणे बरोबर कळे, असं मामा म्हणत. खडकीच्या कारखान्यातली काडतुसं ते जपून वापरत. त्याआधी आजोबांकडे ठासणीची होती. दारू मोजून ओतायची, वर काथ्या, मग छर्रे, मग गजाने ठासायचं. एक बार फुकट गेला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर डोंगरापलीकडे. डुक्कर पडलंच तर आपल्या घरातलं कोणी त्याला हात लावत नसे. कातकरीवाडीत निरोप जाई, ते लोक घेऊन जात. म्हणजे आजोळची बंदूक पिकासाठी होती, ताटासाठी नव्हती. पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि भारतात हौसेची शिकार संपली. आपल्यातल्या पुष्कळांनी तोवर गावं सोडली होती.

आपल्या त्या भागाचं आणखी एक नातं आहे. नवगाव, जिथे आपले पूर्वज किनाऱ्याला लागले असं आपण मानतो, त्याला लागूनच किहीम. त्याच किहीमला डॉ. सालिम अली यांनी 1930 साली सुगरण पक्ष्याचा प्रसिद्ध अभ्यास केला. त्यांची सुरुवातही बंदुकीनेच झाली होती. लहानपणी एअरगनने त्यांनी एक चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ती कोणती म्हणून विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पक्ष्यांचेच होऊन गेले. त्या काळी नमुने गोळा करणारे लोक बारीक नळीची बंदूक आणि बारीक छर्रे वापरत, कारण मोठ्या बाराने पक्ष्याची कातडी फाटून नमुना वाया जाई. लहान बोअरचा हाही एक उपयोग.

आता आमच्या घरातल्या वादाकडे येतो.

तबकडीबद्दल वाद नाही. ती डांबरासारख्या पदार्थात चुनखडीची पूड मिसळून केलेली, 108 मिलिमीटर व्यासाची बशी; फुटली तर कोणाचा जीव जात नाही. पूर्वी याच खेळात जिवंत कबुतरं पिंजऱ्यांतून सोडून मारत. 1900 सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्येसुद्धा तसं केलं होतं. त्याच्या वीस वर्षं आधी, 1880 साली, जॉर्ज लिगोव्स्की यांनी अमेरिकेत मातीच्या कबुतराचं पेटंट घेतलं होतं. हळूहळू खरी कबुतरं सुटली आणि बशी उरली. आमच्या मते हा मोठा पुण्याचा शोध. शनिवारी रेंजवर गर्दी असते, पण लेक जात नाही. तिचा वार रविवार, हे तिने आम्ही न सांगता ठरवलं.

वाद आहे शिकारीचा. तिच्या मैत्रिणीचं घराणं दर सप्टेंबरात मेरिटकडच्या रानात ग्राऊस मारायला जातं. ग्राऊस म्हणजे आपल्या रानकोंबडीच्या जातीचा पक्षी. झाडीत बसतो, एकदम फडफडत उठतो, आणि बहुधा वीस-पंचवीस यार्डांच्या आतच बार काढावा लागतो. लहान बोअरला याहून योग्य सावज नाही असं इथले जुने शिकारी सांगतात. हलकी बंदूक, जवळचा नेम, आणि छर्रे कमी गेल्यामुळे मांसाची नासाडी कमी. बदकांचं तसं नाही. 1999 पासून कॅनडात बहुतेक स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीला शिशाचे छर्रे चालत नाहीत, कारण पाण्यात पडलेलं शिसं पक्षी गिळतात आणि विषबाधेने मरतात. शिशाऐवजी पोलाद वापरलं तर ते हलकं पडतं. शिशाची घनता 11.3, पोलादाची 7.9. लहान काडतुसात आधीच जागा कमी, त्यात छर्रे हलके, म्हणजे पक्षी जखमी होऊन निसटण्याची भीती. बिस्मथ किंवा टंगस्टनचे छर्रे मिळतात, टंगस्टनचे तर शिशाहून जड, आणि त्यांनी फोर-टेनलाही नवा जन्म दिला आहे. पण किमती ऐकून बसायला खुर्ची लागते.

तर लेकीने ‘कोर’ नावाचा शिकारीचा कोर्स केला, परीक्षा दिली आणि गेल्या सप्टेंबरात त्यांच्याबरोबर गेली. तीन दिवसांत पाच पक्षी तिच्यासमोर उठले. चार लांब होते, तिने बंदूक खाली ठेवली. पाचवा जवळ होता, तो पडला.

पडला आणि प्रश्न उभा राहिला. ब्रिटिश कोलंबियाचा कायदा सांगतो की मारलेल्या पक्ष्याचं खाण्याजोगं मांस रानात टाकून यायचं नाही. मारलंत तर न्या, खा किंवा कोणाला खायला द्या. कायदा अगदी योग्य आहे. पण आपली तोरा सांगते की शेखिता झाल्याशिवाय पक्षी खायचा नाही. निर्गमाच्या 22 व्या अध्यायात रानात फाडलेलं मांस खाऊ नका अशी आज्ञा आहे. बंदुकीने मेलेला पक्षी कितीही शुद्ध जातीचा असला तरी नेवेला. त्याला मीठ लावून, धुऊन, काही करून उपयोग नाही. म्हणजे एक कायदा म्हणतो टाकू नको, दुसरा म्हणतो खाऊ नको. लेकीने तो पक्षी मैत्रिणीच्या आईला दिला. त्यांनी तो शिजवला, सगळ्यांनी खाल्ला, लेकीने बटाटे आणि ब्रेड खाल्ला.

घरी येऊन तिने आम्हाला विचारलं, "मम्मी, पप्पा, तुम्ही व्हँकुव्हरहून गोठवलेली कोशर कोंबडी आणता. ती कोंबडी कुठे वाढली, कशी वाढली, तुम्हाला माहीत नाही. तो ग्राऊस रानात मोकळा वाढला, एका क्षणात मेला. मग माझं पाप जास्त कसं?"

इथे आमचं दोघांचं एकमत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

आमच्यातल्या एकाचं म्हणणं असं. तोरेने शिकार सरसकट मना केलेली नाही. लेवीयाच्या 17 व्या अध्यायात स्पष्ट लिहिलं आहे की खाण्याजोगा पशू किंवा पक्षी शिकार करून धरला तर त्याचं रक्त ओतून मातीने झाकावं. म्हणजे जाळ्याने धरून, शेखिता करून खाणारे आपले पूर्वज होतेच. इसहाकाला एसावाने आणलेलं सावजाचं मांस आवडत असे, हेही उत्पत्तीत आहे. शिवाय पोरगी चार वेळा बंदूक खाली ठेवते, ही काही लहान गोष्ट नाही. दुकानात आपण कधी हात मागे घेतो का?

दुसऱ्याचं म्हणणं असं. तोरेत शिकारी म्हणून नाव घेतले आहेत ते निम्रोद आणि एसाव, आणि दोघेही आपल्याला मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवावेसे वाटत नाहीत. अठराव्या शतकात प्रागचे रब्बी यहेझ्केल लांडाऊ, ‘नोदा बियेहुदा’चे कर्ते, यांना एका श्रीमंत यहुदी गृहस्थाने हाच प्रश्न विचारला होता. त्याच्याकडे गावं होती, जंगलं होती. बंदुकीने शिकार करू का, म्हणाला. रब्बींनी उत्तर दिलं की माणसाच्या गरजेसाठी प्राणी मारला तर तो क्रूरपणा ठरत नाही, पण गरज नसताना नुसत्या करमणुकीसाठी रानात जाऊन जीव घेणं अब्राहाम, इसहाक, याकोबाच्या लेकरांना शोभत नाही. शिवाय रानात माणूस स्वतःचा जीवही धोक्यात घालतो. आता जो पक्षी आपण खाऊच शकत नाही तो मारला, तर गरज कोणती उरली? मैत्रिणीच्या घरी रात्रीचं जेवण त्या पक्ष्यावाचून अडलं नव्हतं. आणि कोंबडीबद्दल म्हणशील तर शोखेत दाते नसलेली सुरी तपासतो, बेराखा म्हणतो, मग हात चालवतो. जीव घेतोय हे तो विसरू नये म्हणून एवढं सगळं. बंदूक कितीही लहान बोअरची असली तरी हे तिच्यात नाही.

लेकीने दोन्ही ऐकलं. म्हणाली, विचार करते. अजून करते आहे. आम्ही तिला एवढंच सांगितलं की रानातलं मांस आपल्या स्वयंपाकघरात येणार नाही, बाकी तू मोठी आहेस. ते तिला आधीच मान्य होतं. त्यानंतर तिने अठ्ठावीस बोअरसाठी पैसे साठवायला सुरुवात केली आहे, तबकड्यांसाठी. शिकारीच्या लायसन्सबद्दल अजून काही बोललेली नाही. सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे एलूल-तिश्रीचे दिवस. रोश हशाना, किप्पूर एकामागून एक येतात. या वर्षी ती मेरिटला जाईल की नाही ते तेव्हाच कळेल.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांनाही मान्य आहे. या लहान बोअरने तिला जे शिकवलं ते आपल्याला ओळखीचं वाटतं. आपल्या आजीने कोकणात खवले आणि पर नसलेली मासळी कोळणीच्या टोपलीतून कधी उचलली नाही. शेजारच्या घरी कोलंबीचं कालवण रटरटत असलं तरी तिला काही कमी पडलं असं वाटलं नाही. आपल्याला एवढंच चालतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लेकही लांबचा बार सोडते तेव्हा हळहळत नाही.

आता ज्यांची मुलं कॅनडात आहेत आणि या खेळाकडे वळली आहेत, त्यांच्यासाठी थोडी व्यवहाराची माहिती. आधी कॅनेडियन फायरआर्म्स सेफ्टी कोर्स करून परीक्षा द्यावी लागते, मग परवान्याचा अर्ज. अर्जात ओळख देणाऱ्यांची नावं लागतात, आणि जोडीदार असेल किंवा नुकताच वेगळा झाला असेल तर त्यालाही कळवलं जातं. आम्हाला हा नियम फार आवडला. परवाना पाच वर्षांचा. बारा ते सतरा वयाच्या मुलांसाठी वेगळा परवाना असतो. पिस्तुलांची खरेदी-विक्री 21 ऑक्टोबर 2022 पासून गोठवलेली आहे, पण साधी दुनळी बंदूक त्यात येत नाही. 1 मे 2020 च्या आदेशात 20 मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या नळीच्या बंदुकांवर बंदी आली, तेव्हा बारा बोअरवाल्यांची नळी मोजून घेण्याची धांदल उडाली होती. पुढे सरकारने बारा बोअर त्यात नाही असा खुलासा केला. घरात बंदूक रिकामी आणि कुलपात असायला हवी, काडतुसं सहज हाताला लागणार नाहीत अशी किंवा कुलपात. आमच्याकडे दोन्ही किल्ल्या लेकीकडेच असतात.

आणि लहान बोअर घ्यायची तर सुरुवात वीसनेच करावी, ती मुलाच्या खांद्याला मापाची आहे की नाही ते रेंजवरच्या जुन्या माणसाकडून बघून घ्यावं, आणि कान-डोळे झाकल्याशिवाय एकही बार काढू नये. लहान बोअरची काडतुसं दुकानात कमी मिळतात आणि शिसं कमी असूनही महाग असतात, कारण ती थोडीच बनतात. त्यामुळे खिशालाही मर्यादा शिकवली जाते.

आमच्या वादाबद्दल वाचकांपैकी कोणाला, विशेषतः इस्राएलमधल्या आपल्या हझान व जाणत्या मंडळींना काही सांगायचं असेल तर संपादकांकडे जरूर लिहून पाठवावं. लेकीलाही ते वाचायला देऊ.